सावलीत थांबलेलं लाकूड

बास्केटबॉलचं कोर्ट ज्या झाडापासून होतं, त्या झाडाची सुरुवातीची कित्येक वर्षं मोठ्या झाडांच्या सावलीत जातात. शुगर मेपल हे त्याचं नाव, शास्त्रीय नाव एसर सॅकरम. अमेरिकेच्या उत्तरेला, मिशिगन आणि विस्कॉन्सिनच्या जंगलात, जमिनीवर गुडघाभर उंचीची त्याची रोपं दाटीने उभी असतात. पाहणाऱ्याला वाटतं, दोन-तीन वर्षांची असतील. त्यातलं एखादं वीस-पंचवीस वर्षांचंही असतं. वर पानांचं छत इतकं दाट, की खाली जेमतेम कवडसे पोचतात. तेवढ्या उजेडावर रोप तग धरतं, वर्षाला बोटभरही वाढत नाही, पण मरतही नाही. मग कधीतरी वरचं एखादं म्हातारं झाड वादळात पडतं किंवा कुणीतरी ते हेरून तोडतं. डोक्यावरचं आकाश मोकळं होतं, आणि इतकी वर्षं थांबलेलं रोप सरळ वर निघतं. करवतीला द्यावं असं खोड व्हायला त्याला पुढे आणखी सात-आठ दशकं, कधी शतकही लागतं.

मी पुण्यात शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर खेळत मोठी झाले. उडी मारून खाली आलं की टाचेपासून कमरेपर्यंत कळ जायची. ती खेळाबरोबर येतेच, असं आम्ही सगळ्या मुली धरून चाललो होतो. पुढे नोकरीसाठी विस्कॉन्सिनला आले आणि तिथे पहिल्यांदा वुडन कोर्टवर धावले. रिबाउंडला, म्हणजे बास्केटवरून परतलेला चेंडू पकडायला, उडी मारली, खाली आले, आणि कळ आलीच नाही. जमिनीने मला झेललं होतं. तेव्हापासून सामना बघताना माझी नजर सारखी खेळाडूंच्या पायांखाली जाते. चेंडू कुणाचा, शूज कुणाचे, हे सगळे बोलतात. ज्या लाकडावर हा सगळा खेळ चालतो त्याचं नाव मात्र वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनाही सांगता येत नाही, याची मला खंत वाटते.

मेपलच का, याचं उत्तर अर्धं लाकडात आहे आणि अर्धं इतिहासात. आधी इतिहास. एकोणिसाव्या शतकात या भागातली जंगलं तोडली गेली ती व्हाइट पाइनसाठी. पाइन हलका, पाण्यावर तरंगणारा. हिवाळ्यात तोडायचा, बर्फावरून ओढत नदीकाठी रचायचा, आणि बर्फ वितळून नदी भरली की ओंडके प्रवाहात सोडून द्यायचे. शिकागोसारखी शहरं त्या लाकडावर उभी राहिली. मेपल मात्र ओला असताना इतका जड, की नदीत सोडला तर बुडायचीच शक्यता जास्त. म्हणून तोडणाऱ्यांनी तो मागे ठेवला. जंगलात रेल्वेचे रूळ पोचले तेव्हा कुठे त्याची पाळी आली, आणि मेपलच्या पट्ट्या कापणाऱ्या गिरण्या उभ्या राहिल्या. हॉर्नर ही मिशिगनमधली फ्लोअरिंगची कंपनी 1891 सालची आहे. मेपलच्या पट्ट्या बनवणाऱ्यांची संघटना 1897 मध्ये स्थापन झाली. या लाकडाचा दर्जा, म्हणजे कोणती पट्टी कुठल्या प्रतीची, हे आजही तीच संघटना ठरवते.

आणि त्याच 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या. बाहेर बर्फ, मैदानं बंद, आत कोंडलेली तरणी पोरं. त्यांना दमवणारा, पण एकमेकांची हाडं न मोडणारा खेळ त्याला हवा होता. सज्जा जमिनीपासून 10 फुटांवर होता. बास्केट आजही 10 फुटांवरच असते. व्यायामशाळांना घट्ट, गुळगुळीत, कुसळ न निघणारी जमीन हवी होती आणि मेपल तेव्हाच रेल्वेने बाजारात येत होता. हा खेळ हिवाळ्यामुळे जन्मला. ज्या लाकडावर तो स्थिरावला, तेही लांब हिवाळ्यांच्या मुलखातलं. तिथे झाडाला वाढायला वर्षातले थोडेच महिने मिळतात, त्यामुळे त्याची वलयं जवळजवळ आणि एकसारखी पडतात. संघटनेच्या नियमात तर 35 अंश उत्तर अक्षांशाच्या वर वाढलेलाच मेपल चालतो.

आता लाकूड. ओकचा तुकडा आडवा कापून पाहिला, तर प्रत्येक वलयात मोठाल्या छिद्रांची रांग नुसत्या डोळ्यांनी दिसते. मेपलमध्ये छिद्रं अतिशय बारीक, आणि सगळीकडे सारखी पसरलेली. त्यामुळे रंधा मारल्यावर पृष्ठभाग एकजीव होतो, हजारो पाय घासून गेले तरी कुसळ सुटत नाही. लाकडाचा कठीणपणा मोजायची एक जुनी रीत आहे: पोलादाची छोटी गोळी लाकडात अर्धी रुतवायला किती जोर लागतो ते पाहायचं. रेड ओकला 1290 पाउंड लागतात, शुगर मेपलला 1450. तरीही एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला बॉस्टनचा सेल्टिक्स संघ ओकवरच खेळतो. 1946 मध्ये, महायुद्धानंतर लाकडाची टंचाई असताना, त्यांच्यासाठी ओकचे छोटे छोटे तुकडे उभे-आडवे मांडून 5 फुटी चौकोन केले गेले, आणि ती गरजेची नक्षी पुढे त्या शहराचा अभिमान झाली. एनबीएमधल्या बाकी संघांच्या पायाखाली मेपल असतो.

हे सगळं वाचून कळतं. जंगल मात्र पाहायलाच हवं, म्हणून एका ऑक्टोबरात आम्ही दोघं गाडी घेऊन उत्तरेला गेलो. विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बे शहराच्या वायव्येला मेनॉमिनी या इथल्या मूळ जमातीचं राखीव क्षेत्र आहे. शेतं, गोठे, मक्याचे सड मागे पडतात आणि एका ठिकाणी रस्ता एकदम झाडांत शिरतो. सीमा इतकी ठळक आहे की उपग्रहावरून काढलेल्या छायाचित्रात हे क्षेत्र गडद हिरव्या तुकड्यासारखं वेगळं दिसतं, कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. आत मेपल, हेमलॉक, पाइन, बीच, बर्च, आणि मधून खळाळत जाणारी वुल्फ नदी. मेपल तेव्हा केशरी झाले होते. त्यांच्या खोडांकडे बघत मी किती वेळ उभी होते, कोण जाणे. एवढं सरळ, फांदीविना वर गेलेलं खोड दाट रानातच होतं. मोकळ्यावर वाढलेला मेपल खालपासून फांद्या पसरतो, आणि प्रत्येक फांदी फळीत गाठ होऊन उतरते.

मेनॉमिनी लोकांकडे एके काळी आजच्या विस्कॉन्सिनचा आणि मिशिगनचा फार मोठा प्रदेश होता. अमेरिकन सरकारशी झालेल्या एकामागून एक करारांत तो गेला. 1854 च्या करारानंतर जे हाती राहिलं, त्यातलं आज सुमारे 2 लाख 35 हजार एकर आहे. पण ते त्यांनी ज्या रीतीने राखलं, तशी उदाहरणं जगात थोडी. त्यांचे प्रमुख ऑशकॉश यांची शिकवण म्हणून एक गोष्ट तिथे सांगितली जाते: उगवत्या सूर्याच्या बाजूने सुरुवात करा, मावळतीकडे सरकत जा, पिकलेली, आजारी आणि पडलेली झाडं तेवढीच घ्या, आणि टोकाला पोचलात की परत फिरा. आज तिथले वनाधिकारी हेच काम नकाशे आणि मोजणीच्या आधाराने करतात. कोणतं झाड घ्यायचं त्यावर रंगाची खूण केली जाते, आणि त्या तुकड्याकडे पुन्हा वळायला साधारण 15 वर्षं जातात. निओपिट गावात त्यांची लाकडाची गिरणी 1908 पासून आहे. 1854 पासून आजवर या जंगलातून 2 अब्ज बोर्ड फुटांहून (एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब-रुंद, इंचभर जाड फळी) जास्त लाकूड बाहेर गेलं, म्हणजे करारावेळी जेवढं उभं होतं त्याहून अधिक. आणि आज तिथे उभं असलेलं लाकूड 1854 पेक्षा जास्त आहे. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा आकडे पुन्हा तपासले होते.

हे सुखासुखी झालेलं नाही. 1954 मध्ये अमेरिकन संसदेने कायदा करून मेनॉमिनींची जमात म्हणून असलेली मान्यताच रद्द करायचं ठरवलं, आणि 1961 पासून ते अमलात आलं. राखीव क्षेत्राची एक काउंटी, म्हणजे राज्यातल्या इतर जिल्ह्यांसारखा एक जिल्हा, झाली, कर भरायचा बोजा पडला, आणि पैसे उभे करायला तळ्याकाठच्या जमिनी बाहेरच्यांना विकायची वेळ आली. जंगलही तसंच तुकड्यातुकड्याने गेलं असतं. एडा डियर या मेनॉमिनी बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, वॉशिंग्टनला खेटे घातले, आणि 1973 मध्ये मान्यता परत मिळवली. एडा डियर यांचं काम आपल्याकडे शाळेत शिकवावं इतकं मोठं आहे. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या शेवटच्या चार संघांच्या स्पर्धेसाठी, म्हणजे फायनल फोरसाठी, जे कोर्ट बनतं, त्याचा मेपल काही वेळा याच जंगलातून गेला आहे. दूरदर्शनवर कोट्यवधी लोक तो सामना बघतात. त्यातल्या किती जणांना हे ठाऊक असेल?

या जंगलांना आज एक धोका आहे, आणि तो ऐकून कुठलाही मराठी वाचक चमकेल. तो धोका गांडुळांचा. आपल्याकडे गांडूळ शेतकऱ्याचा मित्र; माझ्या आजोळी गांडूळखताचे वाफे होते. पण उत्तर अमेरिकेच्या या पट्ट्यावर हिमयुगात बर्फाचे जाड थर होते. ते वितळल्यानंतर, हजारो वर्षांत, जे जंगल उगवलं ते गांडुळांविना. पानं पडत राहिली, हळूहळू कुजत राहिली, जमिनीवर जाड मऊ गादी तयार झाली. मेपलचं बी त्या गादीत रुजतं. युरोपीय वसाहतवाल्यांबरोबर, कुंड्यांच्या मातीतून, आणि पुढे मासे पकडायला आमिष म्हणून नेलेल्या डब्यांतून गांडुळं इथे पोचली. ती काही वर्षांत ही गादी फस्त करतात. मग उघड्या जमिनीवर कोवळी रोपं सुकून जातात. त्यात हरणांची संख्या वाढलेली, उरलेली रोपं ती खातात. मोठी झाडं आपल्या जागी उभीच असतात, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला काहीच बिघडलेलं दिसत नाही. खाली थांबलेलं कुणी नसतं, एवढंच. मासेमारीच्या जागी उरलेलं आमिष जमिनीवर टाकू नका, कचऱ्यात टाका, अशी विनंती तिथे केली जाते ती याचसाठी.

तोड होते हिवाळ्यात. जमीन गोठलेली असते, यंत्रांच्या चाकांखाली माती आणि मुळं चिरडत नाहीत, दलदलीवरूनही वाट मिळते. दुसरं कारण रंगाचं. उन्हाळ्यात तोडलेला ओंडका पडून राहिला की लाकडावर करडे-तपकिरी डाग चढतात. थंडीतला पांढरा राहतो. वसंतात याच झाडांतून गोड रस निघतो. 40 लिटर रस आटवला की 1 लिटर मेपल सिरप होतं, आणि गोऱ्यांच्या आधीपासून इथले मूळ लोक त्याची साखर करत आले आहेत. पण रसासाठी भोकं पाडलेल्या खोडात डाग राहतात, म्हणून रसाचं झाड आणि कोर्टचं झाड सहसा वेगळं.

मला सगळ्यात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. सागाचं दार करताना आपला सुतार काय बघतो? गाभा. बाहेरचं पांढरं लाकूड तो बाजूला काढतो, कारण त्याला वाळवी आणि कीड लागते. मेपलच्या गिरणीत उलटा हिशेब. गाभा तपकिरी, डागाळलेला, म्हणून खालच्या प्रतीत जातो. साल आणि गाभा यांच्या मधलं, झाड जिवंत असताना मुळांपासून पानांपर्यंत पाणी वाहून नेणारं फिकट लाकूड पहिल्या प्रतीचं ठरतं. कोर्ट इतकं उजळ दिसतं ते त्यामुळे.

कापलेल्या फळ्यांमध्ये पाणी भरपूर असतं. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश. मधे चिपा देऊन, हवा खेळेल अशा त्या रचतात, मग भट्टीत घालून ओल 6 ते 9 टक्क्यांवर आणतात. इथे घाई केली की लाकूड आतून चिरतं. मग पट्ट्या निघतात, सव्वादोन इंच किंवा दीड इंच रुंद, जाडी इंचाला थोडी कमी. एका कडेला जीभ, दुसऱ्या कडेला खाच. पट्टी अरुंद का, तर ओल चढली की लाकूड रुंदीत फुगतं, आणि रुंद फळीत तो फुगवटा एकाच सांध्यावर येतो. अरुंद पट्ट्यांत तो शेकडो सांध्यांवर वाटला जातो.

पट्ट्या थेट काँक्रीटवर बसवल्या असत्या, तर माझी टाच विस्कॉन्सिनलाही दुखली असती. त्या बसतात प्लायवूडच्या थरावर किंवा लाकडी आडव्या पट्ट्यांवर, आणि त्याखाली रबराचे ठोकळे. इथे अभियंत्यांपुढे एक अवघड मागणी असते: जमीन माणसापुढे दबली पाहिजे, चेंडूपुढे दबता कामा नये. जर्मन मानकाप्रमाणे खेळाडूच्या पायावर येणारा धक्का काँक्रीटच्या तुलनेत किमान 53 टक्क्यांनी कमी व्हायला हवा, आणि तरीही चेंडूची उसळी काँक्रीटवरच्या उसळीच्या किमान 90 टक्के हवी. शंभर किलोचा माणूस उतरला की लाकूड दोन-तीन मिलिमीटर खाली जातं आणि वर येतं. सहाशे ग्रॅमच्या चेंडूला ते ताठ लागतं. मऊ लाकडाने हे साधत नाही, त्यात चेंडूच्याच जागी खड्डे पडतील. वरचा थर कठीण आणि खालचा आधार लवचीक, हे दोन्ही लागतं.

मोठ्या स्टेडियमांत तर हे कोर्ट हलतं. बहुधा 4 बाय 8 फुटांचे तुकडे एकमेकांत अडकवून ते रात्रीत मांडतात. कित्येक ठिकाणी खाली आइस हॉकीचा बर्फ तसाच असतो, वर उष्णतारोधक थर टाकलेला. आदल्या दिवशी बर्फावर हॉकी, दुसऱ्या दिवशी त्याच जागी बास्केटबॉल.

लाकूड तोडलं, वाळवलं, पॉलिश केलं, तरी त्याचं आणि हवेतल्या पाण्याचं नातं तुटत नाही. नोव्हेंबर 2012 मध्ये फ्लोरिडात यूएसएस बटान या युद्धनौकेच्या डेकवर कोर्ट मांडून फ्लोरिडा आणि जॉर्जटाउन या विद्यापीठांच्या संघांचा सामना ठेवला होता. रात्र झाली, दमट समुद्री हवेतलं दव लाकडावर जमलं, खेळाडू घसरायला लागले, आणि मध्यंतरानंतर सामना पुढे झालाच नाही. त्याच रात्री चार्ल्स्टनला यूएसएस यॉर्कटाउनवरचा दुसरा एक सामनाही याच कारणाने रद्द झाला.

आपल्याकडची गोष्ट करायची तर ऑक्टोबर 2019 मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे एनबीएचे दोन संघ लाकडी कोर्टवर खेळले. भारतातले ते पहिले एनबीए सामने. किंग्जचे मालक विवेक रणदिवे यांचा जन्म मुंबईचाच. पहिला सामना जादा वेळेत गेला आणि पेसर्सने 132-131 असा एका गुणाने जिंकला. मी तो इकडून, वेळेचं गणित जुळवत, मोबाइलवर पाहिला. पाय लाकडावर थांबताना होणारा शूजचा तो कुंईं आवाज वरळीतून येतोय, याचा आनंद निकालापेक्षा मोठा होता.

आता महाराष्ट्रात वुडन कोर्टची हॉल्स वाढताहेत, आणि गेल्या सुट्टीत मी त्यातल्या एका ठिकाणी गेले. सकाळी हॉल उघडला आणि एक मावशी बादलीभर पाणी घेऊन कोर्ट पुसायला लागल्या. त्यांना जे सांगितलं गेलं होतं तेच त्या करत होत्या. भिंतीकडेच्या पट्ट्या आधीच वर उचललेल्या होत्या, कारण भिंतीपाशी फुगायला सोडलेली फट कुणीतरी सिमेंटने लिंपून टाकली होती. मेपलला 35 ते 50 टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी हवा त्याहून कितीतरी कोरडी, आणि जुलैत 80 च्या वर. म्हणून ज्यांच्या हाती असे हॉल आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. भिंतीवर आर्द्रता दाखवणारा शंभर-दोनशे रुपयांचा का होईना, पण काटा लावा आणि रोज बघा. पावसाळ्यात हॉल बंद ठेवून कोंडू नका, हवा फिरती ठेवा. कोरड्या झाडणीने धूळ काढा. पुसायचंच असेल तर फडका घट्ट पिळून, आणि पाण्याची बादली दाराबाहेर. भिंतीपाशीची फट मोकळी सोडा. आठ-दहा वर्षांनी वरचा थर घासून नवं पॉलिश चढवता येतं, आणि जीभ-खाचेपर्यंत झीज पोचेतो हे अनेकदा करता येतं. नीट राखलेलं मेपलचं कोर्ट 50 वर्षंही सहज चालतं. त्या मावशींना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मग ताई, आमच्या साहेबांना हे लिहून द्याल का?" मी दिलं.